संत्र्याची साल फेकू नका: हिवाळ्यात वाळवा, पावसाळ्यात घर दरवळवा

नागपुरात संत्रा वर्षातून दोन वेळा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबर सरताना बाजारात उतरतो. पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. या दिवसांत कॉटन मार्केटपासून गोकुळपेठेपर्यंत हातगाड्या संत्र्यांनी भरलेल्या असतात आणि घराघरातल्या कचऱ्याच्या डब्यात सालींचा ढीग असतो. पण घराला सुगंधाची खरी गरज तेव्हा नसतेच. ती लागते जुलै-ऑगस्टमध्ये. कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, आलमारी उघडली की कुबट वास येतो, पोछा धुऊनही आंबतो. नेमका त्या वेळी बाजारात आपला संत्रा नसतो.

म्हणून या सगळ्या कामात खरं महत्त्व आहे ते साठवणीला. हिवाळ्यात फुकट मिळणारी साल नीट वाळवून ठेवली, तर पुढचे सात-आठ महिने रूम फ्रेशनरचा डबा विकत आणायची गरज पडत नाही. सोबत दालचिनीचे तुकडे, वेलचीची टरफलं, आल्याची सालं, गवती चहाची पाती आणि देवाची उतरलेली फुलं जोडीला घेतली की झालं.

आधी वास कुठून येतो ते शोधा

कुठलाही सुगंध दुर्गंधावर घातला तर दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट असतो. त्यामुळे साल हातात घेण्याआधी घरभर एक फेरी मारा. सिंकखालची वाकडी नळी, कचऱ्याच्या डब्याचा तळ, फ्रिजच्या दाराचं रबर, भांडी घासायचा स्पंज आणि दाराशी ठेवलेले ओले जोडे या पाच जागा बहुतेक घरांत दोषी निघतात. सिंकमध्ये आधी उकळतं पाणी न ओतता दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका, पंधरा मिनिटं थांबा, मग चांगलं गरम पाणी हळूहळू सोडा. डबा धुऊन उन्हात पालथा घाला.

रविवारी घरात सावजी पद्धतीचं मटण झालं असेल तर गोष्ट वेगळी. तो वास हवेत असतोच, पण फोडणीच्या वेळी उडालेल्या तेलाच्या बारीक थेंबांबरोबर तो पडद्यांवर आणि भिंतींवरही बसतो. एक्झॉस्ट फॅन फोडणीनंतर नाही, तेल तापायला ठेवतानाच लावा, आणि समोरची एखादी खिडकी उघडी ठेवा म्हणजे पंख्याला ओढायला हवा मिळेल. स्वयंपाक झाल्यावर ओटा आणि मागच्या टाइल्स गरम पाण्याने पुसून घ्या. त्यानंतर केलेला सुगंध टिकतो.

सुगंध सालीत नेमका कुठे असतो

लहानपणी भावंडाच्या डोळ्यासमोर संत्र्याची साल दाबून फवारा उडवला नाही असा नागपूरकर सापडणं कठीण. तो फवारा म्हणजेच सुगंध. सालीच्या बाहेरच्या नारिंगी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. आतल्या पांढऱ्या थरात वास जवळपास नसतो, तो फक्त ओलावा धरून ठेवतो आणि साठवणीत बुरशीला जागा देतो.

इथे आपल्या संत्र्याचा मोठा फायदा आहे. त्याची साल सैल असते, हाताने मोठ्या तुकड्यांत सुटते आणि आतला पांढरा थर अगदी पातळ असतो. चिकटलेल्या पांढऱ्या शिरा बोटांनी ओढून काढल्या की काम झालं. मोसंबीचं तसं नाही. तिचा पांढरा थर जाड असतो, म्हणून फळ चिरण्याआधीच बटाटे सोलायच्या सोलण्याने वरची रंगीत साल पातळ काढून घ्यावी. लिंबाच्या पिळलेल्या फोडी असतील तर आतला चोथा चमच्याने खरवडा.

फळ सोलण्याआधी धुवायचं, सोलल्यावर नाही. फवारणीचे अंश आणि दूरच्या बाजारासाठी चढवलेलं मेण सालीवरच असतं. कोमट पाण्यात हाताने चोळून धुवा, कोरडं पुसा, मग सोला. सोललेली साल पाण्यात भिजवली तर वाळायला दुप्पट वेळ लागतो.

वाळवण

सालीचे दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. फार बारीक केले तर तेल लवकर उडतं, फार मोठे ठेवले तर कडा आत वळून मध्ये ओल राहते. सुपात किंवा स्टीलच्या परातीत सुती कापड अंथरून एकच थर पसरा, नारिंगी बाजू खाली आणि पांढरी वर. ओल पांढऱ्या बाजूत असते, ती उघडी राहायला हवी. वरून मलमलीचा तुकडा टाका.

डिसेंबर-जानेवारीत गॅलरीतलं कोवळं ऊन चालतं. साधारण पाच-सहा दिवस लागतात. संध्याकाळी परात आत घ्यायला विसरू नका. रात्रीच्या दवाने दिवसभराची मेहनत वाया जाते. मार्चमध्ये मात्र ऊन नको. तेव्हाची हवा इतकी कोरडी असते की घरात पंख्याखाली दोन-तीन दिवसांत साल कडक होते, आणि सावलीत वाळल्यामुळे रंग व वास दोन्ही जास्त उरतात. मला विचाराल तर साठवणीसाठी मृग बहाराचीच साल घ्यावी. आंबियाची साल येता-जाता ताजी वापरा आणि फेब्रुवारी-मार्चची बरणीत भरा. एक तर वाळते लवकर, दुसरं म्हणजे पावसाळ्यापर्यंत तिला तीन-चार महिनेच काढायचे असतात.

मे महिन्यात घरोघरी लिंबाचं सरबत होतं, तेव्हा लिंबाची सालही याच पद्धतीने जमवता येते. पण ती ४५ अंशांच्या उन्हात ठेवू नका. तेल उडून जातं आणि हातात पिवळट, बिनवासाचे तुकडे उरतात.

साल वाळली का हे पाहायची एकच कसोटी: दुमडली की कटकन तुटली पाहिजे. वाकली तर अजून एक दिवस.

बरणी काचेचीच का

लिमोनीन हे चांगलं विद्रावक आहे. थर्माकोल त्यात विरघळतो, आणि काही प्रकारचं प्लास्टिक त्याने धुरकट, चिकट होतं. म्हणून काचेची किंवा चिनी मातीची, घट्ट झाकणाची बरणी घ्या. लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या चालतात, मात्र त्यांच्या झाकणाला वास राहतो. झाकण उन्हात दोन दिवस ठेवून नाकाशी धरून बघा. वास गेला नसेल तर दुसरं शोधा.

भरल्यावर पहिला आठवडा रोज बरणीकडे लक्ष द्या. आतून काचेवर वाफ धरलेली दिसली तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवा. हा आठवडा नीट गेला की बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि पाऊस सुरू झाल्यावर कोरड्या हातानेच उघडा. एका मोठ्या बरणीऐवजी तीन-चार छोट्या भरल्या तर एकीत ओल शिरली तरी बाकीच्या वाचतात.

सोबतीला काय जमवायचं, काय नाही

वेलचीचे दाणे काढल्यावर उरलेली टरफलं एका डबीत टाकत जा. त्यांना दाण्यांइतका नसला तरी छान गोडसर वास असतो. मसाला भाजताना तुटलेले दालचिनीचे कण, डोकं गळलेल्या लवंगा, आल्याची वाळवलेली सालं, पुदिन्याच्या काड्या, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या, हे सगळं उपयोगी. गवती चहाची पाती तर फारच कामाची. चहात टाकून झाल्यावरही तिच्यात लिंबासारखा वास बराच उरतो. फक्त दुधाच्या चहात उकळलेली असेल तर धुऊन घ्या.

दूध-साखरेबरोबर उकळलेला चहाचा चोथा तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो, माश्या येतात. चाळणीत घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, मग पसरून वाळवा. हा चोथा स्वतः सुगंध देत नाही, पण आजूबाजूचे वास थोडेफार शोषतो. वाटीत भरून फ्रिजमध्ये किंवा जोड्यांच्या कपाटात ठेवायला चांगला. साधारण पंधरा दिवसांनी बदला.

कांदा-लसणाची टरफलं, कोबीची पानं, केळ्याची सालं यांचा या कामात काही उपयोग नाही. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या उकळल्या तर घरात चटणीचा वास येतो. आंब्याची साल मोहात पाडते, पण तिच्यातल्या साखरेने ती वाळण्याआधीच आंबू लागते.

गंजात (पातेल्यात) मंद उकळ

घरात पटकन दरवळ हवा असेल तर हीच पद्धत. पाहुणे येणार आहेत, किंवा मटणाचं जेवण आत्ताच उरकलं आहे, अशा वेळी:

१. जाड बुडाच्या गंजात एक लिटर पाणी घ्या.
२. चार ताज्या संत्र्यांची साल किंवा दोन मुठी वाळलेली साल टाका. वाळलेली असेल तर आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि तेच पाणी गंजात ओता.
३. बोटाच्या एका पेराएवढी दालचिनी, तीन-चार लवंगा, सात-आठ वेलचीची टरफलं घाला.
४. झाकण न ठेवता पाणी तापू द्या. पहिला बुडबुडा दिसला की गॅस अगदी बारीक करा.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. लिमोनीन एकटं असतं तर १७६ अंशांना उकळलं असतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आतच वर निघतं. अत्तर काढणारे ऊर्ध्वपातनासाठी याच गुणाचा उपयोग करतात. पाणी खळखळून उकळलं तर सगळं तेल पहिल्या काही मिनिटांतच उडून जातं आणि नंतर गंजातून उकडलेल्या सालीचा कडवट वास येऊ लागतो. नुसती वाफ निघेल इतक्याच आचेवर अर्धा-पाऊण तास दरवळ टिकतो. पाणी दोन बोटांच्या खाली जाऊ देऊ नका; मध्ये कपभर गरम पाणी घाला. गंज आचेवर ठेवून घराबाहेर जायचं नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

गॅस वाचवायचा असेल तर यासाठी वेगळी आच पेटवूच नका. पोळ्या झाल्यावर तवा बराच वेळ गरम असतो. त्यावर छोट्या वाटीत गरम पाणी, साल आणि लवंग ठेवली तर एका खोलीपुरता वास येतो. कुकर उतरवल्यावर त्याच्या झाकणावरही अशी वाटी ठेवता येते, शिट्टीची जागा मोकळी ठेवून. फ्लॅट स्कीममधल्या लहान स्वयंपाकघराला एवढं पुष्कळ झालं.

पावसाळ्यात मिश्रण थोडं बदला. संत्रा कमी, आल्याची साल आणि लवंग जास्त, सोबत गवती चहा. दमट हवेत नुसता संत्रा गोड-गोड आणि जड वाटतो. आलं आणि लवंग त्याला तरतरी देतात. मटणाच्या वासावर मात्र लिंबाची साल आणि तेजपान हवं, त्यात वेलची नको.

गंजातलं उरलेलं गाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आणखी एकदा चालतं, मूठभर नवी साल घालून. तिसऱ्यांदा नाही.

आलमारीतल्या पुरचुंड्या

वाळलेल्या सालीचे नखाएवढे तुकडे करा. दोन मुठी तुकड्यांना आठ-दहा लवंगा, दालचिनीचा चुरा आणि मिळाला तर थोडा कोरडा वाळा असं प्रमाण घ्या. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा वीतभर चौकोन कापून त्यात सैल बांधा. घट्ट बांधली तर आत हवा खेळत नाही. पुरचुंडी कपड्यांमध्ये न खोचता हँगरच्या दांडीला टांगा किंवा कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा. पैठणी किंवा कुठल्याही रेशमी कपड्याला ती टेकता कामा नये, सालीतल्या तेलाचा डाग पडू शकतो.

महिनाभराने वास मंदावतो, तेव्हा पुरचुंडी तळहातात चुरगळा. आतल्या न फुटलेल्या तेलाच्या पिशव्या फुटतात आणि आणखी काही दिवस निघतात. पावसाळ्यात ती मऊ लागली तर ताबडतोब बदला, कारण ओली पुरचुंडी बुरशीचं घर होते. आणि हिच्या भरवशावर लोकरीचे कपडे सोडू नका. हिचं काम वासाचं आहे, कसर रोखण्याचं नाही.

एप्रिल-मेमध्ये वाळा

नागपूरच्या उन्हाळ्यात सुगंधाचं काम कूलर करतो. वाळ्याच्या मुळांतलं तेल जड असतं, सावकाश सुटतं, आणि पाणी पडलं की जागं होतं. कूलरच्या नव्या वाळ्याच्या ताट्या भरून देणाऱ्यांकडे खाली पडलेला वाळ्याचा चुरा मागून बघा. तो दोनदा धुवा, सुती कापडात बांधा, रोज संध्याकाळी ओला करून कूलरच्या समोरच्या जाळीला टांगा. माठातही स्वच्छ धुतलेल्या वाळ्याची छोटी जुडी सोडता येते, मात्र ती खाण्यापिण्यासाठी विकत घेतलेली हवी, ताट्यांच्या चुऱ्यातली नाही.

कूलरच्या टाकीत संत्र्या-लिंबाची साल टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. साल दोन दिवसांत कुजते, पंपाच्या जाळीत अडकते आणि सगळी खोली आंबट होते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासणं आणि कोरडी करणं हाच तिथला उपाय. डेंग्यूच्या डासांसाठीही ते आवश्यकच आहे.

फरशी आणि ओट्यासाठी

काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत ताजी साल भरा आणि ती पूर्ण बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर ओता. वर तरंगणाऱ्या सालीवर बुरशी येते, म्हणून वाटीने दाबून ठेवा. झाकण प्लास्टिकचं हवं, लोखंडी झाकण गंजतं. दोन आठवड्यांनी गाळा, तेवढंच पाणी मिसळा आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरा. व्हिनेगरचा वास वाळता वाळता जातो. टाइल्स, कचऱ्याचा डबा, स्टीलचा सिंक यांना हे उत्तम. संगमरवर आणि कोटा फरशी मात्र यापासून लांब ठेवा. दोन्ही दगड आम्लाने खातात आणि चमक कायमची जाते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या कुठल्याही क्लीनरसोबत हे मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

व्हिनेगरचाही खर्च नको असेल तर बायोएन्झाइम, म्हणजे साल आणि गूळ आंबवून केलेलं क्लीनर: एक भाग गूळ, तीन भाग साल, दहा भाग पाणी, सगळं वजनाने. प्लास्टिकच्या बाटलीत चौथा भाग रिकामा ठेवून भरा आणि तीन महिने राहू द्या. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. काचेची बाटली इथे वापरायची नाही, दाबाने फुटू शकते. पोछ्याच्या बादलीत याचे दोन-तीन झाकण पुरतात. संगमरवर आणि कोट्याचा नियम इथेही तोच.

देवाच्या फुलांचा धूप

गणपती आणि महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरात झेंडू, शेवंती, गुलाब यांचं निर्माल्य साठतं. चमकी किंवा रंग मारलेली फुलं बाजूला काढा. बाकीच्यांच्या पाकळ्या सोडवून सावलीत वाळवा; त्या दिवसांत हवा दमट असते, तेव्हा पंखा लावावाच लागतो. मिक्सरमध्ये भरड पूड करा. संत्र्याची वाळलेली सालही वेगळी दळून घ्या, आणि मिक्सरचं भांडं चटणीचं नको.

चार वाट्या फुलांची पूड, दोन वाट्या सालीची पूड, एक वाटी गोवरीची बारीक भुकटी, अर्धी वाटी गुग्गुळ किंवा राळ (नागपूरच्या इतवारी बाजारात सहज मिळते), एक मोठा चमचा तूप. गुळाचं दाट पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळा. मूठ दाबली की आकार धरला पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये. करंगळीएवढ्या कांड्या वळून सावलीत पाच-सहा दिवस ठेवा. पूर्ण वाळल्या नाहीत तर पेटतात आणि मध्येच विझतात. गोवरी कमी घातली तरीही तसंच होतं.

धूप म्हणजे शेवटी धूरच, त्यामुळे तो दार-खिडकी उघडी असतानाच लावा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर धुराचा प्रकार टाळून मंद उकळीवरच भागवावं, तीही थोडा वेळ आणि खिडकी उघडी ठेवून. मांजर असेल तर लिंबू-संत्र्याच्या तेलाचे पदार्थ तिच्या वाटेत ठेवू नका. मांजरांना हे तेल बाधतं.

उकळून झालेली साल, वास गेलेल्या पुरचुंडीतला चुरा आणि धुपाची राख कुंडीत थेट टाकू नका. साल बारीक तोडून कोरड्या पानांबरोबर कंपोस्टच्या डब्यात घाला, मोठे तुकडे कुजायला फार वेळ लावतात. मसाल्याचे तुकडे आणि लवंगाही त्यातच जातात. व्हिनेगरमधली साल मात्र आधी पाण्यात दोनदा विसळून घ्या.